हौसेच्या गाडीचं मोल

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मंडळी, हौसेला मोल नसतं असं आपण सहज म्हणून जातो. पण हौस करणारा माणूस निघून जातो आणि त्याची हौस दारात उभी राहते, तेव्हा तिचं मोल ठरवण्याची वेळ येतेच. आमच्या एका स्नेह्यांवर अशी वेळ आली. त्यांचे वडील गेले. घरात आणि वाड्यात सगळे त्यांना अण्णा म्हणत. मागे राहिली ती पुण्यातल्या जुन्या घराच्या पत्र्याच्या शेडमधली त्यांची १९६५ सालची स्टँडर्ड हेरल्ड.

आजच्या तरुण मंडळींनी ही गाडी कदाचित पाहिलीही नसेल. मूळची ही इंग्लंडची ट्रायम्फ हेरल्ड. तिला रूप दिलं इटलीच्या जोव्हान्नी मिकेलोत्ती यांनी. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स या कंपनीनं १९६१ पासून दहा वर्षं ती आपल्याकडे बनवली. तिची एक गंमत होती. पुढचं अख्खं बॉनेट मडगार्डांसकट पुढच्या बाजूला उलटं उघडायचं, त्यामुळे चाकाशेजारी स्टूल टाकून आरामात इंजिनाचं काम करता यायचं. अण्णांच्या कित्येक रविवार सकाळी अशा स्टुलावर गेल्या.

भावंडं तीन. थोरले, म्हणजे आमचे स्नेही, पुण्यात. ताई नागपूरला आणि धाकटा कॅनडात. घर पाडून तिथं इमारत उभी राहणार होती, त्यामुळे सहा महिन्यांत शेड रिकामी करायची होती. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्यानं अडीच लाख रुपये सांगितले. धाकट्यानं परदेशातले लिलाव पाहिलेले. तो फोनवर म्हणाला, "दादा, लिलावात टाक. आठ-दहा लाख कुठे गेले नाहीत." ताईचा हट्ट वेगळाच. सुटे भाग काढून विकणाऱ्याच्या हाती अण्णांची गाडी जाऊ द्यायची नाही, एवढंच तिचं म्हणणं. आणि दादांच्या मनात एकच भीती होती. गाडी अडीच लाखांना गेली, तर उद्या धाकटा म्हणणार, दादानं स्वस्तात घालवली.

माझं बरंचसं आयुष्य जुन्या गाड्यांच्या नादात गेलं, म्हणून ते सल्ला विचारायला आले. प्रश्न साधा होता. लिलावात विकावी, की ओळखीपाळखीतून, जाहिरात देऊन, परस्पर विकावी? उत्तर मात्र एका वाक्यात देता येईना. त्यांना जे सांगितलं, तेच आज तुमच्यापुढे जरा सविस्तर मांडतो.

लिलाव नेमकं काय करतो?

लिलाव म्हणजे जास्त किंमत, असा आपला समज असतो. तो अर्धाच खरा आहे. लिलाव किंमत वाढवत नाही, किंमत शोधून काढतो. ज्या वस्तूचा भाव बाजारात ठरलेला नाही, तिचा भाव चारचौघांसमोर ठरवण्याची ती एक रीत आहे.

याचं एक ठळक उदाहरण अमेरिकेतलं आहे. १९६८ साली 'बुलिट' नावाचा चित्रपट आला. त्यात स्टीव्ह मॅक्वीन हा नट हिरव्या रंगाची फोर्ड मस्टँग भरधाव हाकतो. ती गाडी १९७४ मध्ये किअर्नन कुटुंबानं एका मोटार-मासिकातली जाहिरात वाचून विकत घेतली. १९७७ मध्ये खुद्द मॅक्वीननं पत्र लिहून ती परत मागितली, पण कुटुंबानं दिली नाही. कितीतरी वर्षं ती गाडी कुणाच्या नजरेला पडली नाही. शेवटी जानेवारी २०२० मध्ये फ्लोरिडातल्या किसिमी इथं तिचा लिलाव झाला. अमुक रकमेखाली विकणार नाही अशी कोणतीही अट कुटुंबानं घातली नव्हती. हातोडा पडला तो ३४ लाख डॉलरवर.

इथं लिलावच योग्य होता, कारण चित्रपटात दिसलेल्या त्या गाडीचा भाव सांगणार कोण? बाजारात तशी दुसरी गाडीच नव्हती. शिवाय ती हवी असणारे श्रीमंत लोक एक-दोन नव्हते, पुष्कळ होते. ज्याची किंमत कुणाला ठाऊक नाही आणि जे अनेकांना हवं आहे, त्याला लिलाव मानवतो.

आता यातली मेख पाहा. लिलावात अंतिम किंमत कोण ठरवतो? आपल्याला वाटतं, सर्वांत मोठी बोली लावणारा. खरं म्हणजे ती ठरवतो हरणारा, म्हणजे दुसऱ्या क्रमांकाचा माणूस. समजा, तुमच्या गाडीसाठी एक जण पंधरा लाखांपर्यंत जायला तयार आहे आणि दुसरा नऊ लाखांपर्यंत. बोली चढत जाईल आणि नऊच्या जरा वर थांबेल, कारण तिथं दुसरा गडी मैदान सोडतो. पहिल्याच्या खिशातले उरलेले जवळजवळ सहा लाख खिशातच राहतात. लिलावाला रंग चढायचा तर जिवावर उदार झालेली किमान दोन माणसं समोरासमोर लागतात. एकाच पैलवानाची कुस्ती होत नाही.

विल्यम विक्री या अर्थशास्त्रज्ञांनी १९६१ मध्ये लिलावांचा असा बारकाईनं विचार मांडला. पुढे १९९६ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल पारितोषिक विभागून मिळालं. त्याच १९९६ साली जेरेमी ब्युलो आणि पॉल क्लेम्परर या दोघांनी लिलाव आणि वाटाघाट यांची तुलना करणारा निबंध प्रसिद्ध केला. त्याचं सार असं. काही गृहीतं मान्य केली, तर घासाघीस करण्यात विक्रेता कितीही पटाईत असला, तरी त्या कौशल्यापेक्षा आणखी एक खरा बोलीदार मैदानात येण्याचा फायदा जास्त असतो. आपली आजी मंडईत हेच करायची. एका भाजीवालीशी वाद घालण्याऐवजी शेजारच्या टोपलीकडे नजर टाकायची! फरक इतकाच, की ती घेणारी होती आणि आपण विकणारे आहोत.

हातोडा पडल्यावर हाती काय?

बुलिट मस्टँगचा हातोडा ३४ लाख डॉलरवर पडला, पण घेणाऱ्यानं मोजले ३७ लाख ४० हजार. वरचे ३ लाख ४० हजार कुठले? ते लिलाव करणाऱ्या संस्थेचं घेणाऱ्याकडून येणारं शुल्क, हातोड्याच्या रकमेच्या दहा टक्के. वर्तमानपत्रात बहुधा शुल्कासकटची रक्कम छापून येते आणि विकणाऱ्याला वाटतं, एवढे पैसे मालकाला मिळाले.

आपल्याकडचा हिशोब मांडून पाहू. दर प्रत्येक संस्थेचे निराळे असतात. मी घेतलेले आकडे केवळ समजण्यापुरते आहेत. समजा, गाडीचा हातोडा १० लाख रुपयांवर पडला. घेणाऱ्याकडून १५ टक्के शुल्क, म्हणजे दीड लाख. त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २७ हजार. त्याला गाडी पडली ११ लाख ७७ हजारांना. आता विकणाऱ्याकडून १० टक्के दलाली, म्हणजे एक लाख, आणि तिच्यावरचा जीएसटी १८ हजार. त्याच्या हाती आले ८ लाख ८२ हजार. एकानं दिले किती आणि दुसऱ्याला मिळाले किती, यांतला फरक झाला २ लाख ९५ हजारांचा.

घेणाराही खुळा नसतो. बारा लाखांपर्यंत जायचं असं त्यानं घरून ठरवलेलं असतं आणि शुल्काचा हिशोब करून तो साधारण दहालाच हात खाली घेतो. म्हणजे घेणाऱ्याच्या नावावर लावलेलं शुल्कसुद्धा फिरून विकणाऱ्याच्या खिशातूनच जातं.

यातून एक सोपी गोष्ट निघते. तोच घेणारा आणि तोच विकणारा लिलावाबाहेर भेटले असते, तर ८ लाख ८२ हजार आणि ११ लाख ७७ हजार यांच्यामधल्या कोणत्याही आकड्याला दोघांचाही फायदाच झाला असता. साडेदहाला सौदा झाला असता, तरी दोघं हसत घरी गेले असते. परस्पर विक्रीचं सगळं आकर्षण या मधल्या पट्ट्यात आहे.

मग लोक लिलावाला जातात कशाला? कारण तोच घेणारा भेटणं, हीच तर अडचण असते. लिलावसंस्था पैसे घेते ते नुसता हातोडा आपटण्याचे नव्हेत. ती चांगली छायाचित्रं काढते, कागदपत्रं पाहते, पुस्तिका छापते, दूरदूरच्या हौशी लोकांपर्यंत बातमी पोचवते आणि पैसे वसूल करून देते. बोलणाऱ्याचे हुलगेही खपतात आणि न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात, ही म्हण काही उगाच पडलेली नाही.

न विकल्याचा डाग

लिलावाचा आणखी एक धोका आहे आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. गाडी विकली न जाणं!

लिलावाआधी विकणारा आणि संस्था मिळून एक राखीव किंमत ठरवतात. बोली तिथपर्यंत पोचली नाही, तर गाडी परत. ही किंमत सहसा गुप्त ठेवतात. ती फार वर ठेवली तर गाडी परत येते. मुळीच ठेवली नाही तर बोलीदार जोमानं उतरतात, पण त्या दिवशी पाऊस पडला, दोन मोठे ग्राहक आले नाहीत, तर गाडी मातीमोल जाऊ शकते.

ऑगस्ट २०१९ मध्ये कॅलिफोर्नियात माँटरे इथं फर्डिनंड पोर्शे यांनी १९३९ मध्ये घडवलेली 'टाइप ६४' ही गाडी लिलावात आली. दोन कोटी डॉलरची अपेक्षा होती. लिलाव पुकारणाऱ्यानं एक कोटी तीस लाखांवर सुरुवात केली, पण 'थर्टीन' हा उच्चार 'थर्टी'सारखा ऐकू गेला आणि मोठ्या पडद्यावर तीन कोटींचा आकडा झळकला. पुढे चौदाचे चार कोटी, पंधराचे पाच कोटी होत होत पडदा सात कोटींवर गेला. सभागृहात टाळ्या आणि शिट्ट्या! मग खुलासा झाला, की बोली सात कोटींची नाही, एक कोटी सत्तर लाखांची आहे. उत्साहावर पाणी पडलं, लोकांनी नापसंतीचे आवाज काढले आणि गाडी न विकताच राहिली.

असा घोटाळा विरळा. पण साध्या लिलावातही एकदा गाडी परत आली, की सगळ्या बाजाराला कळतं, अमुक आकड्याच्या वर कुणी गेलं नाही. पुढचं गिऱ्हाईक तिथूनच बोलायला सुरुवात करतं. स्थळ पाहायला येऊन नकार देऊन गेलं, की गावात कुजबुज सुरू होते, तसाच हा प्रकार. परस्पर विक्रीत दहा जण येऊन नाक मुरडून गेले, तरी अकराव्याला त्याचा पत्ता नसतो.

परस्पर विक्रीतला काच

आता नाण्याची दुसरी बाजू. फेरारीची २५० जीटीओ ही गाडी हौशी लोकांत देव्हाऱ्यात ठेवावी अशी समजली जाते. २०१८ च्या ऑगस्टमध्ये अशी एक गाडी लिलावात सुमारे ४ कोटी ८४ लाख डॉलरला गेली. त्याच वर्षी दुसरी एक जीटीओ परस्पर सौद्यात ७ कोटी डॉलरला गेल्याची वृत्तं प्रसिद्ध झाली. दोन्ही गाड्यांचा इतिहास वेगळा, त्यामुळे तुलना तंतोतंत नव्हे. पण परस्पर विक्री म्हणजे कमी किंमत हा समज मोडायला एवढं पुरे. फरक असा, की लिलावाचा आकडा शेकडो लोकांनी कानांनी ऐकला आणि दुसरा आकडा वृत्तांवरून कळला. लिलावाच्या किमतीला साक्षीदार असतात, परस्पर सौद्याच्या किमतीला सहसा नसतात. आमच्या स्नेह्यांच्या घरात तर सगळं अडलं होतं ते या साक्षीदारापाशीच.

परस्पर विक्रीला वेळ लागतो. येणारा प्रत्येक जण गिऱ्हाईक नसतो. निम्मे लोक 'एक चक्कर मारून पाहू' म्हणून येतात. काही सेल्फ मारून, हॉर्न वाजवून, चहा पिऊन जातात. गरजवंताला अक्कल नसते, हे ओळखणारेही येतात. शेड कधी रिकामी करायची आहे, हा प्रश्न ते सहज बोलता बोलता काढून घेतात आणि त्या तारखेच्या चार दिवस आधी पुन्हा उगवतात. म्हणून आपली घाई कुणाला सांगू नये.

पैशांबाबतही सावध राहावं. दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीनं घ्यायला २०१७ पासून आयकर कायद्यानं मनाई आहे. पैसे बँकेतून घ्यावेत आणि ते खात्यात जमा झाल्याची खात्री होईपर्यंत किल्ली हातात ठेवावी.

कागद आधी, किंमत मागाहून

मार्ग कोणताही धरा, कागदपत्रांशिवाय हौसेची गाडी म्हणजे नुसता पत्रा. आरसी बुकातले इंजिन आणि चेसिस नंबर गाडीवरच्या नंबरांशी जुळले पाहिजेत. जुनी बिलं, पहिल्या खरेदीची पावती, गाडीसोबतचे कौटुंबिक फोटो, हे सगळं जपून एका फायलीत लावावं. गोष्टीला पुरावा मिळाला, की तिचीही किंमत होते. जेनिस जॉप्लिन या गायिकेची रंगीबेरंगी चित्रांनी रंगवलेली १९६४ सालची पोर्शे डिसेंबर २०१५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये लिलावात आली, तेव्हा अंदाज चार ते सहा लाख डॉलरचा होता. गेली ती १७ लाख ६० हजारांना. पत्रा पोर्शेचा होता, पण किंमत आठवणीची आली आणि ती आठवण सगळ्या जगाला ठाऊक होती.

आणखी एक. विकायच्या आधी नवा रंग मारून गाडी चकचकीत करू नये. जाणकार नव्या रंगाखाली काय दडलंय याचा संशय घेतो. जुना, मूळचा, थोडा उडालेला रंग त्याला जास्त विश्वासाचा वाटतो.

कायद्याच्या अंगानं तीन गोष्टी सांगतो. पहिली, मालक हयात नसेल तर गाडी आधी वारसाच्या नावावर करून घ्यावी लागते. त्यासाठी आरटीओत ३१ क्रमांकाचा फॉर्म असतो. इतर वारसांची संमती इथंच लेखी घ्यावी. दुसरी, विक्रीसाठी २९ आणि ३० क्रमांकाचे फॉर्म. लिलावात विकली म्हणजे ३२ क्रमांकाचा फॉर्म, असा अनेकांचा गैरसमज आहे. तो फॉर्म सरकारनं किंवा सरकारच्या वतीनं केलेल्या जाहीर लिलावासाठी आहे. खासगी संस्थेच्या लिलावात विकली, तरी साधे २९ आणि ३० च भरायचे. राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्यानं चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं असतं.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. किल्ली दिली, पैसे आले, म्हणजे आपण सुटलो असं नाही. सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट सांगितलं, की आरटीओच्या दप्तरी ज्याचं नाव, तोच गाडीचा मालक. त्या प्रकरणात गाडी एकामागून एक अनेक हातांत गेली होती, पण नाव पहिल्याचंच राहिलं होतं. अपघात झाला तेव्हा भरपाईची जबाबदारी त्या पहिल्यावर आली. तेव्हा नव्या मालकाच्या नावाचं आरसी बुक स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय विक्री पुरी झाली असं समजू नका.

पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये केंद्र सरकारनं वेगळे नियम केले आहेत. गाडी मूळ रूपात असेल, तर तिची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते आणि नव्यानं नोंदवलेल्या गाडीला 'व्हीए' अक्षरांचा क्रमांक मिळतो. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही. मेळावे, रॅली, प्रदर्शनं यांसाठीच ती रस्त्यावर आणायची. घेणाऱ्याला रोज ऑफिसला जायला गाडी हवी असेल, तर हे आधीच सांगितलेलं बरं.

मधली वाट

आता पुन्हा आमच्या स्नेह्यांकडे येऊ. मी त्यांना तीन प्रश्न विचारले. गाडीची किंमत साधारण ठाऊक आहे का? ती मनापासून हवी असणारे दोघं तरी तुम्हाला माहीत आहेत का? आणि पैशांखेरीज आणखी काही हवं आहे का?

पहिल्याचं उत्तर सोपं होतं. हेरल्ड सुंदर असली, तरी ती काही जगात एकुलती एक नव्हे. क्लबातल्या मंडळींना तिचा भाव थोडाफार ठाऊक असतो. मुंबईतल्या कलावस्तूंचे लिलाव करणाऱ्या संस्थाही अलीकडे जुन्या गाड्यांचे ऑनलाइन लिलाव करू लागल्या आहेत, पण तिथं संस्थानिकांच्या रोल्स-रॉइससारख्या गाड्यांचा मान मोठा. त्यांच्या रांगेत आमची हेरल्ड कोपऱ्यात पडली असती आणि दलाली, वाहतूक धरता हाती फारसं काही लागलं नसतं. फार जुन्या गाड्या देशाबाहेर नेण्यावर आपल्याकडे निर्बंध राहिले आहेत. त्यामुळे धाकट्यानं पाहिलेले परदेशी आकडे इथं लावण्यात अर्थ नव्हता. गाडी आपल्या बाजारात विकायची, तर भावही आपल्याच बाजाराचा.

दुसऱ्या प्रश्नावर दादा म्हणाले, "दोघं नाही, पाच आहेत. अण्णांच्या ओळखीचेच, वर्षानुवर्षं गाडी मागणारे." आणि तिसऱ्याचं उत्तर ताईनं आधीच दिलं होतं. गाडी मोडून विकणारा नको.

तेव्हा मी त्यांना जगातल्या सर्वांत महाग गाडीची गोष्ट सांगितली. मर्सिडीज-बेन्झनं १९५५ साली ३०० एसएलआर उलेनहाउट कूपे ही गाडी बनवली, अवघ्या दोन. त्यांतली एक मे २०२२ मध्ये कंपनीनं साडेतेरा कोटी युरोंना विकली. विकली कशी? उघड्या बाजारात नाही आणि एकाच माणसाशी गुपचूप बोलूनही नाही. श्टुटगार्टच्या कंपनीच्या संग्रहालयात निवडक संग्राहकांना बोलावून, फक्त त्यांच्यातच बोली लावली. गाडी नीट सांभाळेल असा माणूस आधी निवडला आणि मग किंमत त्या माणसांनाच ठरवू दिली. आलेले पैसे तरुणांच्या शिष्यवृत्तीसाठी ठेवले.

म्हटलं, आपणही तेच करू, आपल्या ऐपतीप्रमाणे. त्या पाच जणांना एका रविवारी सकाळी बोलावलं. बॉनेट उलटं उघडून ठेवलं. फाईल टेबलावर मांडली. कुठे गंज आहे, दुसरा गिअर कसा कुरकुरतो, ते दादांनी न विचारता सांगून टाकलं. दोष आधी सांगितला, की भाव पाडायला मुद्दा उरत नाही. मग प्रत्येकानं आठ दिवसांत बंद पाकिटात एकच आकडा लिहून द्यायचा, असं ठरलं. सोबत एक ओळ लिहायची होती, गाडी घेऊन तिचं काय करणार. किमान किंमत तिन्ही भावंडांनी मिळून आधीच ठरवली होती, एका कागदावर लिहून, तिघांनी मान्य करून.

बंद पाकिटाची एक खोड आहे, तीही सांगतो. समोर कोण किती लिहितोय ते दिसत नसल्यानं लिहिणारा आपल्या मर्यादेच्या जरा खालीच लिहितो. पण दुसरा जास्त लिहील आणि गाडी हातची जाईल, ही धास्ती त्याला फार खालीही जाऊ देत नाही. खरी हौस असेल, तर धास्ती मोठी असते.

नवव्या दिवशी धाकट्याला व्हिडिओ कॉलवर घेऊन पाकिटं फोडली. सर्वांत लहान आकडा गॅरेजवाल्याच्या अडीच लाखांच्या जरा वर होता, सर्वांत मोठा पावणेपाच लाख. पावणेपाच लिहिणारे कोल्हापूरचे निघाले. त्यांच्याकडे आधीच एक बंद पडलेली हेरल्ड होती. ताईला लगेच शंका आली, आपली गाडी तिच्यासाठी उघडणार की काय? त्यांची ओळ वाचली. उलट होतं. आपली बंद गाडी मोडून तिचे भाग या गाडीला लावणार होते. ताईनं मान डोलावली.

पहिल्यांदा ३१ चा फॉर्म, मग २९ आणि ३०. पैसे बँकेतून आले. सुमारे दोन महिन्यांनी नव्या नावाच्या आरसी बुकाचा फोटो दादांच्या फोनवर आला, तेव्हा त्यांनी मला फोन करून सांगितलं, "आता गाडी विकली."

पैशांचे तीन सारखे भाग झाले. धाकट्याच्या मनातले आठ-दहा लाख आले नाहीत, हे खरं. परवा गणपतीला तो आला होता. बोलता बोलता म्हणाला, "दादा, जरा थांबलो असतो तर जास्त मिळाले असते का रे?" दादांनी वाद घातला नाही. कपाटातून फाईल काढली आणि तिच्यातली पाच पाकिटं त्याच्यापुढे ठेवली. धाकट्यानं ती एकेक करून पुन्हा वाचली, पुन्हा फाईलमध्ये लावली आणि विचारलं, "कोल्हापूरला जाऊन एकदा पाहून येऊ का तिला?"